डाव्या कानावरचे दोन काप

मारोती पोले यंत्राला हात लावण्याआधी हात गार करत. आधी साबणाने धूत, कोरडे करत आणि मग भिंतीलगतच्या लोखंडी टेबलावर दोन्ही तळवे टेकवून उभे राहत. चेहरा असा, की एसटीची वाट बघणारा माणूस वाटावा. तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत. मोजून झालं की म्हणत, "हां, आता चालतंय." पहिल्या दिवशी हे पाहून मला वाटलं, माणूस जरा सरकलेला दिसतो. माझ्यासारख्या दोन पदव्या घेतलेल्या लोकांना असं फार लवकर वाटतं. पुढे आठवडाभरात कळलं, की हाताच्या उबेने अ‍ॅल्युमिनियम फुगतं आणि आम्ही तिथे जे मोजत होतो ते केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्श्याइतकं बारीक होतं. आमच्यातले बाकीचे सगळे ऊबदार हातांनी काम करत आणि मग मोजमाप का चुकलं यावर चर्चा करत.

हे सगळं हिंगोलीपासून फार लांब, परराज्यातल्या एका सिंक्रोट्रॉन केंद्रात घडलं. नावाला घाबरायचं कारण नाही. एका प्रचंड गोल नळीत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या जवळपास वेगाने फिरवत ठेवतात. वळणावर त्यांना वळवलं, की ते क्ष-किरणांचा झोत बाहेर टाकतात. दवाखान्यातल्या एक्स-रेच्या मानाने तो कितीतरी प्रखर आणि बारीक असतो. त्या झोतात एखादी वस्तू ठेवायची, हळूहळू गोल फिरवायची आणि पलीकडे पडणाऱ्या तिच्या सावल्या कॅमेऱ्याने टिपायच्या. हजारभर सावल्या जमल्या, की संगणक वस्तूच्या आतली शीर न् शीर रचून दाखवतो. कुठे चाकू लावावा लागत नाही. फक्त एकच अट असते. वस्तू फिरताना तसूभरही डुलता कामा नये. ती डुलली, की सगळ्या सावल्या एकमेकींवर चढतात आणि चित्राचं पिठलं होतं.

वस्तू फिरवणाऱ्या त्या छोट्या यंत्राला पोलेकाका फिरकी म्हणत. आमच्या कागदोपत्री तिचं नाव दीड ओळीचं होतं, पण तोंडात सगळ्यांच्याच फिरकी बसली होती. ती त्यांनी स्वतः लेथवर घडवली होती. परदेशातून आणलेली आधीची बिघडली, तिचा सुटा भाग येईना, तेव्हा तात्पुरती म्हणून साहेबांनी त्यांना करायला सांगितली. तात्पुरती ती अकरा वर्षं चालली.

पोलेकाका सेनगाव तालुक्यातले. घर मेंढरांचं. वडील कळप घेऊन आठ महिने बाहेर असत आणि हे त्यांच्यामागे. मग कुणा मास्तरांनी धरून शाळेत बसवलं, पुढे हिंगोलीला आयटीआयमध्ये टर्नरचं शिक्षण झालं आणि उमेदवारीसाठी म्हणून जे परराज्यात गेले ते तिथेच राहिले. केंद्रात ते होते ठेकेदाराकडून. दरवर्षी गळ्यातलं ओळखपत्र नवं व्हायचं, त्यावरचा फोटो मात्र पहिल्या वर्षीचाच. फोटोत काळेभोर केस आणि वर खरं डोकं पांढरं. फाटकावरचा पहारेकरी रोज दोन्हींकडे बघून हसे.

आमची ओळख झाली ती माझ्या तोंडामुळे. मी हिंगोलीत शिकलेली, माझं गाव कळमनुरी. पीएचडीला विषय घेतला होता हळदीच्या कंदाला लागणारी कूज. दुसरा कोणता घेणार? कंदाच्या ओल्या फोडी डब्यात घालून मी दोन दिवस रेल्वेने प्रवास करत तिथे पोचले होते. पहिलीच फोड फिरकीवर चढवली आणि पडद्यावर चित्र थरथरायला लागलं. आजूबाजूला सगळी हिंदी आणि इंग्रजी. मी वैतागून स्वतःशीच म्हणाले, "हे काहून हलून राहिलं बाप्पा?"

मागून आवाज आला, "कोन्या गावची म्हनायची तू?"

मी वळले. निळा कोट घातलेला, खिशातून मेंढीच्या लोकरीचा पुंजका बाहेर डोकावणारा माणूस उभा होता.

"कळमनुरी."

"मंग घरचीच की. काहून आलीस इतक्या लांब?"

"हळदीला कूज कशी लागते ते बघायला."

"ते बघायला वावरात जातात, बाई. तू उलटीच आलीस." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "फिरकी न्हाई हलत. तुझी हळद सुकून राहिली. सुकती म्हनून आकसती. तिला घट्ट धरू नको, अन् मोकळी बी सोडू नको."

खिशातला तो लोकरीचा पुंजका त्यांनी बाहेर काढला. चिमूटभर लोकर पाण्यात बुडवून पिळली आणि करंगळीच्या नखाएवढ्या धातूच्या वाटीत पसरली. माझी फोड तीत अशी बसवली, जसं अंडं घरट्यात ठेवावं. लोकर क्ष-किरणांना दिसते न दिसतेशी. ओलावा धरून ठेवते, दाबत नाही आणि हलूही देत नाही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या हळदीतल्या बुरशीचे तंतू पडद्यावर स्वच्छ दिसायला लागले. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरण आहे ना, 'नमुना धारणाची सुधारित पद्धत', ती ही. सेनगावची ओली लोकर.

साहेब म्हणजे त्या विभागाचे प्रमुख. हुशार माणूस, यात शंका नाही. त्यांना सगळं समजायचं, फक्त कुणी केलं ते लक्षात राहायचं नाही. एकदा केंद्र पाहायला कुणी मोठे पाहुणे आले. साहेब त्यांना फिरकीजवळ घेऊन गेले आणि वाकून समजावून सांगू लागले. मोजणी चालू होणार होती. पोलेकाका पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, "सर, थोड़ा दूर. आपकी गरमी से हिलता है." पाहुणे चमकले. साहेबांचा चेहरा पडला. पाहुणे भले होते, हसून मागे सरले आणि विचारलं, "किसने बनाया है ये?" साहेब लगेच म्हणाले, "हमारी टीम ने." पोलेकाका तोवर टेबलावर तळवे टेकवून मोजायला लागले होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मी मात्र ऐकलं होतं.

झोत ज्या खोलीत येतो ती शिशाच्या भिंतींची असते. झोत सोडण्याआधी आत कुणी राहिलं नाही ना, हे बघून कोपऱ्याकोपऱ्यातली बटणं दाबत बाहेर यायचं आणि दार लावायचं, असा नियम. बाकीचे लोक बटणं दाबत झरझर येत. पोलेकाका टेबलाखाली वाकून बघत, कपाटामागे डोकावत आणि मोकळ्या खोलीत मोठ्याने हाळी देत, "हुर्रऽऽ, निघा भायेर!" मग बाहेर येऊन आम्हाला दोन दोन करून मोजत. दोन, चार, सहा. त्यांच्या घरी मेंढरं अशीच मोजत, वीस झाली की एक खंडी. स्क्रूसुद्धा ते खंडीनेच मोजायचे. "तीन खंड्या अन् सात लागतील," असं भांडारात सांगायचे आणि भांडारवाला डोक्याला हात लावायचा.

एका दुपारी त्यांनी बाहेर मोजलं आणि म्हणाले, "एक कमी हाय." साहेबांना घाई होती. ते म्हणाले, सगळी बटणं दाबून झाली आहेत, सोडा झोत. काका दारापुढे आडवे उभे राहिले. "एक कमी हाय, सर." सगळे हसले. काका पुन्हा आत गेले आणि कपाटामागच्या कोनाड्यात कानात गाणी लावून भिंग पुसत बसलेल्या एका संशोधकाला दंडाला धरून बाहेर घेऊन आले. त्यानंतर त्यांच्या मोजण्याला कुणी हसलं नाही. आभारही कुणी मानले नाहीत. पुढच्या आठवड्यात दारावर एक नवी सूचना लागली, खाली साहेबांची सही.

आता त्या कापांबद्दल सांगायला हवं.

धातूच्या त्या चिमुकल्या वाटीच्या काठावर दोन खाचा होत्या, एक खोल आणि शेजारी एक उथळ. मला आधी वाटलं, हत्यार घसरलं असेल. विचारलं तर म्हणाले, "घसरंल कसं? खूण हाय ती. आमच्या कळपाची. डाव्या कानाला दोन काप, एक मोठा, एक ल्हाना. आज्याच्या बी आधीपासून."

मेंढरांचे कळप माळावर एकमेकांत मिसळतात. मग कुठलं कुणाचं हे ठरवायचं कसं? कानाच्या खुणेवरून. ज्याची खूण त्याचं मेंढरू, तिथे वाद संपतो. कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. पोलेकाका जे जे घडवत त्यावर कुठेतरी हे दोन काप असत. पण फिरकीच्या वाटीवर ते नुसते हौसेचे नव्हते. वाटी फिरे तशी त्या खाचांची सावली प्रत्येक चित्राच्या तळाशी उमटे. ती सावली किती डुलते त्यावरून फिरकी किती डुलली ते कळे आणि तेवढं संगणकात दुरुस्त करता येई. इतकी साधी युक्ती, की ती कुणाला सुचली नव्हती. केंद्रात येणारा प्रत्येक संशोधक त्या दोन खाचांच्या जिवावर आपली चित्रं सरळ करत होता.

"अन् कुणी चोरून नेलं तर?" मी एकदा गमतीने विचारलं होतं. चहाची वेळ होती.

"मेंढरू? नेतात की. चोर लई शाना असतो. पयलं काम काय करतो? खुनेच्या वरून कानच कापून टाकतो. मंग बसा बोंबलत. मेंढरू समोर उभं ऱ्हातं, तुमाला वळखतं बी, पन तुमी कसं म्हनावं माझं हाय म्हनून?"

मी हसले होते. चहा चांगला होता.

त्याच वर्षी केंद्रात एक पक्की जागा निघाली, उपकरण सहायकाची. पोलेकाकांनी अर्ज केला. त्यांना ती किती हवी होती हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही फिरकीवरचं झाकण पुसता पुसता.

"पगाराचं न्हाई बाई. नवी फिरकी येऊन राहिली भायेरदेशातून. ती आली की ठेकेदाराच्या मानसाची गरज न्हाई म्हनतात. पक्का झालो तर हिच्यापाशी ऱ्हाईन. हिला दुसरं कोन समजून घेईल? न्हाई तर ही जाईल कपाटात, अन् मी गावाकडं."

"मग अडचण काय आहे? तुमच्याइतकं काम कुणी केलंय?"

"पुरावा पायजे. काय बनवलं त्याचा छापील पुरावा."

तेव्हा माझा पहिला शोधनिबंध तयार होत होता. मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "मी सरांना सांगते, तुमचं नाव टाकू." सर म्हणजे विद्यापीठातले माझे मार्गदर्शक.

"नाव नको. नावाचे लई पोले हायत दुनियेत. तू फकस्त फोटूतली खूण राहू दे. कमिटीपुढं मी फिरकी ठेवतो अन् बाजूला तुझा पेपर ठेवतो. हा कान अन् हा कान. डोळे हायत ना त्यांना?"

माणूस पन्नाशी ओलांडलेला, आयुष्य अशा लोकांमध्ये गेलेलं, की जे कागदाखेरीज कशावर विश्वास ठेवत नाहीत. तरी त्याला वाटत होतं, की खूण दाखवली की वाद संपेल. नाव मागितलं असतं तर कदाचित मिळालंही असतं. मी म्हणाले, "एवढंच ना? नक्की, काका."

निबंधातल्या चार आकृत्या मी घरी बसून केल्या. चारही चित्रांच्या तळाशी वाटीचा काठ आणि त्यावरचे दोन काप व्यवस्थित दिसत होते. सरांकडे घेऊन गेले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही खालची पट्टी काप. हळद दाखवायची आहे, वाटी कशाला? शिवाय या खाचांमुळे उपकरण सदोष वाटतं."

"सर, ती खूण दुरुस्तीसाठी वापरली आहे."

"ते मजकुरात लिही एका ओळीत. आकृती स्वच्छ पाहिजे."

"ज्यांनी बनवली त्यांना..."

सरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं. माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर होता आणि त्यांची सही अजून व्हायची होती. मला पीएचडी हवी होती. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही, आणि ते शोधायचा प्रयत्न मी खूप केला आहे.

मी माऊस हातात घेतला आणि चारही चित्रांच्या खालची पट्टी कापली. काप बरोबर खाचांच्या वरून गेला, कारण तेवढाच भाग नको होता. त्या वेळी मेंढीचोराची गोष्ट मला आठवली नाही, असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं. आठवली होती. शेवटी आभाराच्या परिच्छेदात मी 'केंद्रातील तांत्रिक कर्मचारी वर्ग' असं लिहिलं. वर्ग! एका माणसाचा वर्ग.

निबंध छापून आला. त्याची एक प्रत मीच पोलेकाकांना पोस्टाने पाठवली. पाठवताना काय वाटत होतं, ते आता नीट आठवत नाही. बहुधा मी स्वतःला समजावलं असेल, की मजकुरात ओळ आहे, कमिटी वाचेल. त्यांनी पाकीट मुलाखतीच्या दिवशीच, कमिटीपुढे फोडलं. बाहेर फोडून हाताळलं तर कुणी म्हणेल काही बदललं. त्यांच्याकडे वादातल्या जनावराची खूण अशी सर्वांसमक्षच बघतात.

हे मला साहेबांकडून कळलं. दोन महिन्यांनी मी उरलेले नमुने घेऊन गेले होते. साहेबांनी चहा मागवला आणि हसत म्हणाले, "आपके गाँववाले ने तो कमाल कर दिया."

साहेब स्वतः त्या कमिटीत होते. पोलेकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेली फिरकी त्यांनी टेबलावर ठेवली, शेजारी पाकीट फोडून निबंध उघडला आणि वाटीवरच्या खाचांवर बोट ठेवून म्हणाले, ये देखिए और ये देखिए. दुसरं बोट चित्रावर गेलं, तर तिथे काही नव्हतं. त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या चित्रातही नाही. तिसऱ्यात नाही. "वो ढूँढता ही रहा," साहेब म्हणाले. "आगे, पीछे, फिर आगे. किसी ने पूछा, भाई, निशान किसका? तो बोला, हमारी भेड़ का." साहेबांना हसू आवरेना. कमिटीत सगळे हसले म्हणे.

आणि मीही हसले. साहेबांसमोर, हातात कप धरून. तोंड आपलं आपण हसलं. त्या वेळी एक वाक्य बोलायला हवं होतं, की ती खूण होती आणि मी ती कापली, ही बघा मूळ चित्रं, माझ्या बॅगेत आहेत. बॅग पायाशीच होती. मी चहा संपवला.

जागा दुसऱ्याला मिळाली. मुलगा चांगला होता, त्याच्याकडे प्रमाणपत्रं होती.

पोलेकाका खाली फिरकीपाशीच भेटले. ओळखपत्राचे शेवटचे काही आठवडे राहिले होते. त्यांनी माझा नमुना लोकरीत बसवून दिला, नेहमीसारखाच, आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खूण न्हवती त्या पेपरात."

मी नमुन्यांच्या डब्याचं झाकण लावायला घेतलं.

"छापताना राहिली असंल," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "छापताना राहिली असेल."

त्यांनी मान हलवली आणि हात गार करायला टेबलाकडे गेले. निरोप घेताना त्यांनी तो लोकरीचा पुंजका मला दिला. "तुला लागंल. तिकडं कापूस वापरतात, त्याचे धागे दिसतात फोटूत." मी तो घेतला. त्यावर माझे पुढचे दोन निबंध झाले.

आता मी हिंगोलीतच कॉलेजात शिकवते. सेनगाव इथून जीपने काही फार लांब नाही. तरी मला तिथे जायला सहा वर्षं लागली. सहाव्या वर्षी एका कामासाठी केंद्रात जाणं झालं. नवी फिरकी बसली होती. जुनी प्रवेशद्वाराच्या दालनात काचेच्या पेटीत ठेवली होती, वाटीसकट. खाली पाटी होती, 'संपूर्ण स्वदेशी बनावट', आणि पाटीवर साहेबांचं नाव. शाळेची मुलं रांगेने बघत पुढे जात होती. दोन काप काचेतून अगदी ठळक दिसत होते. परत आले आणि त्या रविवारी मूळ चित्राची मोठी प्रत काढून घेतली, तळाच्या पट्टीसकट, आणि सेनगावची जीप धरली.

गाव सापडलं, घर सापडलं. काका घरामागच्या वाड्यात, म्हणजे काट्यांच्या कुंपणात, कोकरं धरून बसले होते. पुतण्या एकेकाच्या कानात पिवळा प्लास्टिकचा बिल्ला ठोकत होता. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर.

"आता सरकारी नंबर मारतात," काका मला बघून म्हणाले, जणू मी कालच भेटले होते. "काप द्यायचं बंद झालं. बस. बाजेवर बस. चहा ठेव रे."

ते फार वाळले होते. हात मात्र तेच, कोकराचा कान दोन बोटांत असा धरलेला, की त्याला कळू नये. मी फिरकीबद्दल सांगितलं. काचेची पेटी, शाळेची मुलं. पाटीवरचं नावही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खिडकीपाशी तर न्हाई ना ठेवली? ऊन लागलं की फुगंल ती."

"नाही. आत आहे."

"मंग बराबर हाय."

मी पिशवीतून चित्र काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी हात धोतराला पुसले, मग धरलं. हळदीकडे त्यांनी बघितलंच नाही. नजर सरळ तळाशी गेली. अंगठा त्या दोन खाचांवर फिरला, आधी मोठीवर, मग लहानीवर.

"व्हय. माझीच. म्हंजी होती खूण."

"होती."

"छापताना राहिली," ते म्हणाले. तेच वाक्य. सहा वर्षं त्यांनी ते माझ्यासाठी जपून ठेवलं होतं. मला नुसती मान हलवायची होती.

"छापताना नाही, काका. मी कापली."

पुतण्याचा हात थांबला. काकांचा नाही थांबला, ते कोकराच्या पाठीवरून हात फिरवतच राहिले.

"कोनी सांगितलं होतं?"

"सरांनी."

"अन् हात कोनाचा?"

"माझा."

त्यांनी मान डोलवली. "ठाव होतं मला. खुनेच्या बराबर वरून होतं कापलेलं. छापनाऱ्याला खूण कुठं हाय ते काय ठाव?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी तिथे रडून मोकळी झाले असते.

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तितंच. कमिटीत."

"मग बोलला का नाही?"

"तुझ्या सरांची सही व्हायची होती ना अजून." ते उठले, चित्राची धूळ झटकली आणि माझ्या हातात परत दिलं. "हे ठेव तुझ्यापाशी. मला माझी खूण ठाव हाय. तुला लागंल."

चहा आला. मी तो प्यायले, कारण न पिणं हा आणखी एक अपमान झाला असता. साखर जास्त होती. काकांनी हळदीचं विचारलं, कूज लागायची थांबली का म्हणून. मी म्हणाले, नाही. ते म्हणाले, "थांबायची न्हाईच."

रस्त्यावर जीपची वाट बघत उभी असताना मागे वळून पाहिलं. पुतण्याने कुंपण उघडलं होतं आणि मेंढरं बाहेर पडत होती. प्रत्येक डाव्या कानात पिवळा बिल्ला. काका तोंडाशी उभे राहून हाताने मोजत होते, दोन, चार, सहा. शेवटचं मेंढरू गेलं तरी त्यांचा हात वरच राहिला, एक कमी असल्यासारखा. मग त्यांनी, केंद्रात कपाटामागे डोकावत तसं, वाकून कुंपणाच्या आत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. जीप आली आणि मी पुढच्या सीटवर बसले. चित्र मांडीवर होतं, खालच्या पट्टीसकट.